कापडी चित्रकथा व बालकांचे आरोग्यशिक्षण

कापडी चित्रकथा : कापड, धागा, चिंध्या, बटणे इ. हाताळता येण्याजोग्या साहित्यातून हाताने तयार केलेल्या चित्रांच्या आधारे मुलांना गोष्ट सांगण्याचा प्रकार. भरतकामाची चित्रे, ठिगळकामाचे पट, गोधडीवरील चित्रमालिका, कापडी पुस्तके, फ्लॅनेल फलकावर लावावयाच्या आकृती, तसेच हातमोजाच्या व चिंध्यांच्या बाहुल्या यांचा त्यात समावेश होतो. आरोग्यशिक्षणात या साधनांचा उपयोग मुख्यतः शालापूर्व व प्राथमिक वयोगटांतील मुलांसाठी केला जातो. स्वच्छता, पिण्याचे पाणी, अतिसार, डासांमुळे होणारे रोग, जंत, आहार व लसीकरण हे त्यांचे नेहमीचे विषय होत.

छापील भित्तिपत्रकाहून हे माध्यम दोन बाबतींत वेगळे आहे. एक म्हणजे, ते केवळ पाहावयाचे नसून हाताळावयाचे असते. चित्रातील माठावर झाकण ठेवणे, बाहुलीचे हात धुणे, डासांची अंडी पिंपाच्या कडेवरून सोडविणे या क्रिया मूल स्वतः करते. दुसरे म्हणजे, ते घरी उपलब्ध असणाऱ्या वस्तूंपासून व घरातील स्त्रियांना अवगत असलेल्या टाक्यांनी तयार होते, त्यामुळे गोष्टीबरोबर साधनही घरी जाऊ शकते. ज्या वस्त्यांत आईवडील दिवसभर कामावर असतात आणि धाकट्या भावंडांचा सांभाळ मोठी भावंडे करतात, तेथे या दोन्ही गोष्टींना विशेष महत्त्व येते, कारण तेथे गोष्ट ऐकणारे मूल हेच धाकट्याला पाणी पाजणारे, भरविणारे व आजारपणात प्रथम पाहणारे असते. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे.

पूर्वपीठिका : चित्राच्या आधारे गोष्ट सांगण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात चित्रकथकाचा निर्देश आढळतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथीची कला आजवर जतन केली आहे. एका आख्यानाच्या चित्रांच्या संचास ‘पोथी’ म्हणतात. कथेकरी एकेक चित्र समोर धरून वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीने रामायण-महाभारतातील प्रसंग सांगतो. पिंगुळीचे कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री हा किताब जाहीर झाला. चित्रकथीची चित्रे कागदावर काढलेली असतात. राजस्थानातील फड मात्र कापडावरच रंगविला जातो, तर बंगालमधील पटाच्या कागदास टिकाऊपणासाठी मागून जुन्या साडीचे कापड चिकटविण्याची पद्धत आहे.

कापडाची दुसरी परंपरा घरगुती आहे. जुनी लुगडी, धोतरे व पातळे एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. काही भागांत तिला ‘वाकळ’ म्हणतात. नवजात बालकासाठी तयार होणाऱ्या बाळंतविड्यातील दुपटी, झबली, टोपडी व कुंची यांसाठीही धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड निवडले जाते. या निवडीमागे बालकाच्या त्वचेला त्रास होऊ नये व त्याला ऊब मिळावी हा व्यवहारी हेतू आहे. नवजात अर्भकास उबदार ठेवणे हा त्याच्या जगण्याशी संबंधित प्रश्न असल्याचे आधुनिक वैद्यकानेही मानले आहे. गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने विकसित केलेल्या घरोघरच्या नवजात-बालसेवेत बालकाला ऊब देण्याच्या उपायांचा अंतर्भाव होता. या सेवेमुळे संबंधित गावांतील नवजात-मृत्युमान ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तात्पर्य, घरातील शिवणकामाचा आरोग्याशी असलेला संबंध जुना आहे. कापडी चित्रकथेत त्या संबंधाला कथनाची जोड मिळते.

आधुनिक विकास : मुलांसाठी कापडी पुस्तके व्यापारी प्रमाणावर काढण्याचा आरंभ इंग्लंडमध्ये झाला. लंडन येथे १९०३ मध्ये स्थापन झालेल्या डीन्स रॅग बुक कंपनीने न फाटणारी व धुता येणारी पुस्तके प्रसिद्ध केली. शिक्षणक्षेत्रात पुढे फ्लॅनेल फलक रूढ झाला. लव असलेले कापड फळ्यावर ताणून बसवावयाचे व मागे तसेच कापड किंवा वाळूकागद चिकटविलेल्या आकृती त्यावर लावावयाच्या, असे त्याचे स्वरूप होते. भारतात फ्लॅनेलऐवजी जाडीभरडी खादी वापरून तयार केलेला खादी फलक अध्यापक विद्यालयांतून परिचित झाला.

महाराष्ट्रातील बालशिक्षणात स्थानिक साहित्याचा आग्रह प्रामुख्याने ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांच्या कार्यातून पुढे आला. गिजुभाई बधेका यांच्या भावनगर येथील बालमंदिरात अनुभव घेतलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत नेण्यात आले. महागडी परदेशी उपकरणे ग्रामीण भागात परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शिंपले, पाने, माती व चिंध्या यांपासून शैक्षणिक साधने तयार करण्यात आली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे व केस विंचरणे हा अंगणातील या शिक्षणाचाच एक भाग होता. स्वच्छतेचा पाठ व गोष्ट ही तेथे एकमेकांपासून दूर नव्हती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडीतही आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी व शालापूर्व शिक्षण यांची एकत्र गुंफण करण्यात आली.

आंतरराष्ट्रीय बालवर्षाच्या (१९७९) निमित्ताने डेव्हिड मॉर्ले व त्यांचे सहकारी यांनी लंडन येथे ‘मुलाकडून मुलाकडे’ हा आरोग्यशिक्षणाचा कार्यक्रम आखला. मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळतात या वस्तुस्थितीचा लाभ घेऊन त्यांनाच आरोग्याचे ज्ञान द्यावे, ही त्यामागील कल्पना होती. डेव्हिड वर्नर व बिल बॉवर यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आरोग्यसेवक-प्रशिक्षणाच्या ग्रंथात घरगुती साधनांचे अनेक नमुने दिले आहेत. त्यांपैकी मेक्सिकोतील खेड्यात वापरलेले भोपळ्याचे बाळ विशेष प्रसिद्ध आहे. पोकळ भोपळ्याच्या वरच्या छिद्रावर ओले फडके पसरतात. ती बाळाची टाळू. आत पाणी भरून खालचे बूच काढले, की पाणी वाहू लागते आणि पाण्याची पातळी उतरताच फडके आत ओढले जाते. अतिसारात बाळाची टाळू का खोल जाते, हे मुलांना न सांगता दिसते. बूच बसविणे हा उपाय नसून गेलेले पाणी परत भरणे हा उपाय आहे, हेही त्याच खेळातून उमगते.

प्रौढांच्या आरोग्यजागृतीसाठीही वस्त्रकलेचा उपयोग झाला आहे. एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ अमेरिकेत शिवण्यात आलेली गोधडी १९८७ मध्ये वॉशिंग्टन येथे प्रथम पसरून दाखविण्यात आली. बिहारमधील मुझफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा व आसपासच्या गावांतील स्त्रियांनी सुजनी भरतकामातून हुंडा, स्त्रीभ्रूणहत्या व एड्स हे विषय हाताळले. बंगालमधील पिंगला भागातील पटचित्रकारांनी एड्सविषयी आणि २०२० मध्ये कोविड-१९ या साथीविषयी पट रंगवून त्यांसह गाणी सादर केली.

साहित्य व तंत्र : चित्राच्या पायासाठी मांजरपाट किंवा जाडसर सुती कापड सोईचे असते. नवे मांजरपाट पाण्याने आटते, म्हणून ते आधी भिजवून, धुऊन व वाळवून घेतात. तसे न केल्यास पहिल्याच धुण्यात चित्र आक्रसते. ठिगळांसाठी जुन्या साड्या, सदरे व शिंप्याकडील कात्रणे चालतात. त्यांचा रंग पक्का आहे की नाही हे ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावे लागते. ठिगळे प्रथम कच्च्या टाक्याने बसवितात. नंतर कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी किंवा काजटाक्याने पक्क्या करतात. बाह्यरेषेसाठी साखळी टाका व उलटी टीप, पाणी किंवा वारा दाखविण्यासाठी धावदोरा, तर बिया, अंडी, डोळे यांसाठी गाठीचा टाका वापरतात. हलत्या भागांसाठी बटण-काज, हूक, नाडी किंवा वेल्क्रो यांची योजना करतात.

पंधरा-वीस मुलांच्या गटासाठी सु. ४५ सेंमी. लांबी-रुंदीचे चौकोन पुरेसे होतात. एका चौकोनात एकच घटना असावी. चौकोन सुटे ठेवून कडेला बटणांनी जोडण्याची सोय केल्यास प्रसंगांचा क्रम बदलता येतो व ‘आधी काय झाले असेल ?’ हा प्रश्न मुलांपुढे ठेवता येतो. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती द्यावयाच्या साधनांत बटणे, मणी व लांब दोऱ्या असू नयेत, कारण ते गिळले जाण्याचा किंवा गळ्याभोवती अडकण्याचा धोका असतो. आरोग्याचा पाठ देणारे साधन स्वतः स्वच्छ असले पाहिजे, हा नियम येथे औपचारिक नाही. अनेक हातांतून जाणारे कापड नियमित धुऊन उन्हात वाळविणे आवश्यक असते. सुटे न होणारे पुठ्ठे किंवा कागद आत शिवल्यास ते अशक्य होते.

अशी चित्रे छापील पुस्तकासाठी वापरावयाची झाल्यास त्यांचे छायाचित्रण बाजूने प्रकाश टाकून करतात, म्हणजे टाक्यांचा उठाव व कापडाचे पोत दिसतात. छपाईत स्पर्श हरपतो, परंतु दोरा व कापड ओळखू येत असल्याने ‘हे आपल्यालाही करता येईल’ ही जाणीव मुलांत टिकून राहते.

आरोग्यविषय व कथारचना : आरोग्यकथेची रचना साध्या गोष्टीप्रमाणेच पात्र, अडचण व तिची सोडवणूक अशी असते. मात्र सोडवणूक वैद्यकीय दृष्ट्या बिनचूक असावी लागते. अतिसाराच्या गोष्टीत हे स्पष्ट दिसते. जलसंजीवनीचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. चित्रात पाकिटाशेजारी पेला शिवला, तर मूल ते पेल्यातच ओतील आणि तसे तीव्र द्रावण बाळाला अपायकारक ठरते. म्हणून पाकिटाबरोबर एक लिटरचेच भांडे दाखवावयास हवे आणि तेही त्या वस्तीत खरोखर वापरात असलेले. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण सांगितले जाते. कापडी चित्रात हे सहा चमचे व अर्धा चमचा निरनिराळ्या खिशांतून काढून भांड्यात घालावयास लावल्यास संख्या मुलांच्या हाताला ठाऊक होते. बाळाचे दूध व अन्न चालू ठेवणे, तसेच सल्ल्याप्रमाणे दहा ते चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या देणे, हे पुढील प्रसंग होत. बाळ सुस्त झाले, पाणी पिईनासे झाले किंवा शौचावाटे रक्त पडू लागले, तर मोठ्या माणसाला बोलावून दवाखान्यात न्यावयाचे, हा प्रसंग गोष्टीतून कधीही वगळू नये. मुलावर त्याच्या वयाला न पेलणारी जबाबदारी टाकली जाऊ नये, यासाठीही तो आवश्यक असतो.

डेंग्यूच्या गोष्टीत कापडाचा गुण निराळ्या रीतीने उपयोगी पडतो. एडीस जातीची डासाची मादी पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या आतल्या कडेला अंडी चिकटविते. पाणी ओतून दिले तरी अंडी कडेवर राहतात, कोरडी होऊनही काही महिने टिकतात व पुन्हा पाणी भरताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. कापडी पिंपातील अळ्या सुट्या दोऱ्यांच्या व अंडी वेल्क्रोने चिकटणारी केली, तर पिंप उपडे करताच अळ्या पडतात आणि अंडी तशीच राहतात. ती काढण्यासाठी मुलाला हात घालून ओढावे लागते. आठवड्यातून एक दिवस पिंप नुसते रिकामे न करता घासून कोरडे का करावयाचे, याचे याहून थोडक्यात स्पष्टीकरण अवघड आहे. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात, म्हणूनच ‘कोरडा दिवस’ आठवड्याने येतो.

जंतांच्या गोष्टीत माती, नखे, तोंड, आतडे व पुन्हा माती असे चक्र गोल पटावर दाखविता येते. २०१५ पासून पाळल्या जाणाऱ्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी (१० फेब्रुवारी) मिळणाऱ्या गोळीशी ही गोष्ट जोडल्यास गोळीबद्दलची भीती कमी होते. पाणी गाळण्याच्या गोष्टीत तर कापड हे चित्राचे साधन व उपायही असते. नारू रोगाच्या निर्मूलनात पाणी दुहेरी कापडातून गाळून पिण्याच्या सवयीचा मोठा वाटा होता. भारतातील अखेरचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला व २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला. बांगला देशात रीटा कोलवेल व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जुन्या साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळल्याने पटकीचे रुग्ण सु. ४८ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. तथापि गाळलेले पाणी निर्जंतुक होत नाही. ते उकळणे किंवा त्यात क्लोरीन घालणे याला कापड हा पर्याय नव्हे, ही मर्यादाही गोष्टीत यावयास हवी.

चित्रवाचन : चित्र सर्वांना सारखेच कळते हा समज बरोबर नाही. नेपाळमध्ये युनिसेफच्या साहाय्याने झालेल्या व १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डायाना फसेल व आने हालांड यांच्या पाहणीत असे आढळले, की चित्रांची सवय नसलेले ग्रामस्थ चित्राचा शब्दशः अर्थ घेतात. बाण, फुली यांसारखी चिन्हे त्यांना आपोआप कळत नाहीत. डास किंवा जंत मोठे करून दाखविल्यास ‘असले प्राणी आमच्याकडे नाहीत’ असा समज होण्याचा संभव असतो. यासाठी मोठ्या आकृतीच्या शेजारी मूळ आकाराची आकृतीही शिवावी व ‘हा तोच, जवळून पाहिलेला’ असे सांगावे. मानवी शरीराचा एखादा भाग तोडून दाखविण्याऐवजी पूर्ण बाहुलीवर झडप शिवून ती उघडून आतील आतडे दाखविणे लहान मुलांना अधिक सुबोध होते.

पात्रांच्या चित्रणातही सावधगिरी लागते. अस्वच्छ मूल नेहमी सावळे व स्वच्छ मूल गोरे, आजारी मुलाचे घर नेहमी झोपडी, धाकट्याला सांभाळणारी नेहमी मुलगीच, असे संकेत नकळत शिवले जातात व गोष्टीतील उपदेशापेक्षा ते अधिक काळ टिकतात. ज्या वस्तीत नळ नाही तेथे वाहत्या नळाखाली हात धुणारी बाहुली हा निरुपयोगी, किंबहुना मुलाला कमीपणा आणणारा पाठ ठरतो.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा : पुण्याच्या वायव्येस मुंबई-पुणे महामार्गालगत वसलेल्या या नगराच्या औद्योगिक वाढीचा आरंभ पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यापासून मानला जातो. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर वाहने, यंत्रे व सुटे भाग यांचे कारखाने वाढत गेले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या १७ लाखांहून अधिक होती. पुणे-नाशिक महामार्गावरील चाकण हे खेड तालुक्यातील गाव पूर्वी संग्रामदुर्ग किल्ला व कांद्या-बटाट्याची बाजारपेठ यांसाठी ओळखले जात असे. पुढे तेथे व परिसरातील गावांत मोटार उद्योगाचे मोठे केंद्र निर्माण झाले.

या पट्ट्यातील कामगार-कुटुंबे मराठवाडा, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्र यांबरोबरच कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, बंगाल इ. प्रदेशांतून आलेली आहेत. एकाच चाळीत किंवा बांधकामावरील पत्र्याच्या खोल्यांत निरनिराळ्या भाषा बोलणारी मुले असतात. मराठी किंवा हिंदी मजकुरावर अवलंबून असलेले आरोग्याचे पत्रक त्यांतील अनेकांपर्यंत पोहोचत नाही. जुन्या कपड्यांची शिवलेली गोधडी मात्र या बहुतेकांच्या घरी असते. मराठी मूल तिला ‘गोधडी’ किंवा ‘वाकळ’ म्हणते, कन्नड मूल ‘कौदी’, उत्तर प्रदेशातील ‘कथरी’ किंवा ‘गुदडी’, बिहारमधील ‘सुजनी’ व बंगालमधील ‘कांथा’. नावे भिन्न असली तरी वस्तू, टाका व ती शिवणारी आई-आजी ही सर्वांच्या परिचयाची असतात. यामुळे बहुभाषी वर्गात कापडी चित्रकथेचा प्रवेश सुकर होतो. एका चित्रातील वस्तूंची नावे प्रत्येक मुलाने आपापल्या भाषेत सांगणे, हाच तेथे गोष्टीचा आरंभ ठरू शकतो.

पाळ्यांमध्ये चालणाऱ्या कारखान्यांमुळे वडील रात्रपाळीहून येऊन झोपलेले व आई कामावर गेलेली, अशा वेळी घर मोठ्या मुलाच्या हाती असते. पाणी ठरावीक वेळी येत असल्यास ते पिंपांत साठविले जाते व ही पिंपेच डासांची उत्पत्तिस्थाने होतात. बांधकामाच्या जागी साचलेले पाणी, उघड्यावर पडलेले टायर व डबे यांची त्यात भर पडते. २०२५ च्या आरंभी पुणे परिसरात गीयाँ-बारे लक्षणसमूहाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा पाण्यातून व अन्नातून होणाऱ्या जंतुसंसर्गाकडे नव्याने लक्ष वेधले गेले. अशा पार्श्वभूमीवर या पट्ट्यासाठी रचावयाच्या गोष्टीत विहीर, आड व अंगण यांऐवजी पिंप, टँकर, सार्वजनिक नळ, पत्र्याची खोली व पाळीची वेळ यांचे चित्रण असणे स्वाभाविक होय. ज्या पिंपरीत देशाचे पहिले पेनिसिलीन मोठ्या प्रमाणावर तयार झाले, तेथील मुलांना प्रत्येक ताप-जुलाबास प्रतिजैविक औषध लागत नाही आणि ते मनाने किंवा अर्धवट घेऊ नये, हेही अशा गोष्टीतून सांगणे उचित ठरते.

टाकाऊतून शैक्षणिक साधन करण्याची परंपरा या भागास अपरिचित नाही. विज्ञानाच्या खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेले अरविंद गुप्ता हे पुण्यातील टेल्को कारखान्यात अभियंता होते. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सहभागी झाल्यावर ते या कामाकडे वळले व पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील बालविज्ञान केंद्रात त्यांनी दीर्घकाळ काम केले. मात्र औद्योगिक भागात कापड गोळा करताना एक दक्षता अनिवार्य असते. यंत्रे पुसण्यासाठी वापरलेल्या चिंध्या व ‘कॉटन वेस्ट’ यांत तेल, ग्रीज, द्रावके व धातूचे बारीक कण असतात. ते धुऊनही पूर्णपणे जात नाहीत, म्हणून असे कापड मुलांच्या साधनांसाठी मुळीच वापरू नये. घरातील जुने सुती कपडे व शिवणाऱ्यांकडील कोरी कात्रणे हीच योग्य होत. २०२० च्या साथीत राज्यातील महिला स्वयंसाहाय्य गटांनी कापडी मुखपट्ट्या मोठ्या प्रमाणावर शिवल्या. शिवणाचे हे कौशल्य अंगणवाडी व शाळांसाठी चित्रपट्ट्या तयार करण्याकडेही वळविता येते.

मर्यादा व मूल्यमापन : कापडी चित्र तयार होण्यास वेळ लागतो व त्याच्या अनेक प्रती काढणे कठीण असते. ‘टाकाऊतून फुकट’ या समजुतीत शिवणाऱ्या स्त्रियांचे श्रम धरले जात नाहीत. असे काम मोठ्या प्रमाणावर करवून घ्यावयाचे असल्यास त्याचा मोबदला देणे व करणाऱ्यांची नावे नोंदविणे न्याय्य होय. सौंदर्याच्या आहारी जाऊन आशय झाकला जाण्याचा धोकाही असतो. प्रदर्शनात मांडलेला व मुलांनी हात लावू नये म्हणून काचेआड ठेवलेला पट शोभिवंत असला तरी आरोग्यशिक्षणाचे साधन राहत नाही.

चित्र पक्के शिवण्यापूर्वी कच्च्या टाक्यांवर ते मुलांना दाखवून ‘यात काय दिसते ?’ एवढेच विचारावे व उत्तरे सुचवू नयेत, अशी पद्धत इष्ट असते. गैरसमज तेव्हाच उसवून दुरुस्त करता येतात. छापलेल्या चित्राच्या बाबतीत ही सोय नसते. गोष्ट झाल्यानंतर मुलाने ती दुसऱ्या मुलाला पुन्हा सांगावी. त्या पुनर्कथनात भांड्याचे माप, चमच्यांची संख्या व दवाखान्यात जाण्याची खूण टिकली की नाही, यावरून साधनाची योग्यता ठरते. त्यापुढील कसोटी घरची असते : पिंप घासले जाते काय, माठावर झाकण आहे काय, अतिसार होताच बाळाला पाणी पाजले जाते काय, हे काही आठवड्यांनी पाहिले जाते. पाणीपुरवठा, गटारे व दवाखाने यांची उणीव कोणत्याही गोष्टीने भरून निघत नाही. तथापि हे सर्व उपलब्ध होईपर्यंतच्या व झाल्यानंतरच्याही काळात घरी एकट्या असलेल्या मुलाच्या हाती योग्य माप व योग्य कृती देणे, हे या माध्यमाचे कार्य होय.